सरपंचबाईंचे मुखत्यार

20 मे 2023 रोजी ब्रह्मपुरीच्या अरण्यातून आणलेल्या दोन वाघिणींना नागझिऱ्यात सोडण्यात आले, तेव्हा सरकारने त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली, त्यांच्या हालचालींची नोंद ठेवण्याची तजवीज केली, आणि ज्या मुलखावर त्या हक्क सांगतील तो मुलूख त्यांचाच, हे बिनतक्रार मान्य केले. ‘यजमान कोठे आहेत, आम्ही त्यांच्याशीच बोलू,’ असे कोणा वनाधिकाऱ्याने त्यांस म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हे सौभाग्य त्याच जंगलाच्या शिवेवरील सरपंचबाईंच्या वाट्यास आलेले नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांस एकतृतीयांश आणि पुढे 2011 साली महाराष्ट्राने निम्म्या जागा दिल्या खऱ्या. परंतु राखीव खुर्चीत प्रत्यक्ष बसते कोण, हे पाहण्याची तरतूद राहून गेली, आणि तेवढ्या फटीतून ‘सरपंचपती’ हे पद, ज्यास ना निवडणूक, ना अनामत, ना अपात्रता, सुखेनैव आत शिरले.

अशा एका कचेरीत आम्ही गेलो होतो. फलकावर नाव गोंड समाजातील बाईंचे, त्याखाली मोबाइल क्रमांक यजमानांचा. यजमान खुर्चीत, बाई दाराशी स्टुलावर. ग्रामसेवक ठराव वाची, यजमान मान डोलावीत, आणि मग वही बाईंपुढे सरके. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आधीच काढलेली. ‘तिले हिसाब समजत नाही जी,’ यजमान आम्हांस म्हणाले. याच बाई दर उन्हाळ्यात पहाटे तेंदूपत्त्याला जातात, सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात, आणि मुन्शीने एक पुडा कमी लिहिला तर सूर्यास्तापर्यंत तेथून हलत नाहीत, ही किरकोळ बाब ते सांगावयास विसरले असावेत.

राजकारण हा बायकांचा प्रांत नव्हे म्हणणाऱ्यांच्या माहितीसाठी : 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत, स्वराज्यास अजून पाच वर्षांचा अवकाश असता, स्त्रियांनी कायदेमंडळांत राखीव जागा मागितल्या होत्या. तिकडे अमेरिकेत शर्ली चिशोल्म ही कृष्णवर्णीय स्त्री 1968 साली काँग्रेसवर निवडून गेली, अशी ती पहिलीच, आणि 1972 साली राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागावयास उभी राहिली. वर्णापेक्षा स्त्रीत्वाचीच आडकाठी आपणास अधिक झाली, असे ती सांगे. तिचे यजमान पेशाने खासगी गुप्तहेर. आमच्या तालुक्यात असते, तर साऱ्या कचेऱ्यांनी त्यांनाच ‘खासदारसाहेब’ म्हणून मुजरे घातले असते.

असो. त्या दिवशी वही सरकली, पण बाईंनी फुलीवर सही केली नाही. पदर सावरून, बोट ओळीखाली धरून, त्या पहिल्या ठरावापासून मोठ्याने वाचू लागल्या. यजमानांनी चहा मागवला. चौथ्या ठरावाशी बोट थांबले.

‘हे पैसे कोन्या रस्त्याचे जी?’

यजमानांस अकस्मात धानाच्या बांधीचे काम आठवले.