बंद रेल्वेमार्गावरील पायवाट : देऊळघाट पद्धत

बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर लोकसहभागातून पायवाट करणे खर्चिक असते. न्यूयॉर्कच्या ‘हाय लाइन’साठी जुना उन्नत मार्ग पाडू न देण्यापासून सुरुवात करावी लागली, पहिला टप्पा खुला व्हायला २००९ उजाडले. बुलडाण्याजवळच्या देऊळघाटात ही दगदग नाही. बुलडाणा या जिल्ह्याच्या ठिकाणालाच रेल्वे नाही, गाडीसाठी मलकापूर गाठावे लागते. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची, आणि तोही कागदावर चिखलीकडून जातो. त्यामुळे रूळ उखडणे, खडी हलवणे, स्लीपर चोरीला जाणे, काहीच उद्भवत नाही. स्वयंसेवकही आयते: शेताकडे जाणारी माणसे आणि त्यांच्या शेळ्या धुरा, म्हणजे शेताचा बांध, रोज तुडवून घट्ट करतात, मानधन न मागता. अडचण एकच, मार्ग बंद झाल्याच्या दाखल्याची. तो मिळण्यासाठी आधी गाडी सुरू व्हावी लागते.