आजीचा नकाराधिकार

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या बंगल्यात तो एकट्या आजीला होता आणि तो तिला कोणी दिलेला नव्हता. आजी नव्वदी ओलांडून गेली. एवढ्या आयुष्याचं श्रेय कोणी तिच्या भिजवलेल्या मेथ्यांना देतं, कोणी सोमेश्वरपर्यंतच्या चालण्याला, कोणी नवश्या गणपतीला. गणपतीचा मान राखून सांगतो, ते श्रेय तिच्या 'नाही'चं होतं.

त्या 'नाही'ची एक रीत होती. घरात, गल्लीत किंवा देशात काही नवीन आलं, की आजी आधी नाही म्हणायची. मग काही दिवस त्या गोष्टीभोवती घिरट्या घालून तिची तपासणी करायची. आणि मग कधीतरी ती गोष्ट आजीच्या मालकीची झालेली असायची. इतकी, की ती मुळात आपणच आणली असं ती आल्यागेल्याला सांगायची. गॅसच्या शेगडीपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळं आमच्या घरात याच मार्गाने शिरलं.

पहिला मोठा नकार खुद्द गंगापूर रोडला होता. आजीचं सासर जुन्या नाशकात, तिवंध्याच्या वाड्यात. आजोबा शाळामास्तर. साठच्या दशकात त्यांनी धरणाच्या रस्त्याला प्लॉट घेतला, तेव्हा आजी म्हणाली, "तिथे कोल्हे राहतात. आपण त्यांच्यात कशाला?" यात अतिशयोक्ती नव्हती. अशोक स्तंभ मागे टाकला की तेव्हा नाशिक संपायचं आणि पुढे पेरूच्या बागा, द्राक्षांचे मांडव आणि अंधार. "भद्रकालीच्या दर्शनाला कसं जायचं? पोरांनी रंगपंचमीला रहाडीतल्या रंगाच्या पाण्यात उड्या कुठे मारायच्या?" असे प्रश्न तिने टाकले. पोरं तेव्हा एक रांगणारं आणि एक पाळण्यातलं होतं. आजोबांनी उत्तर दिलं नाही, फक्त पाया खणायला घेतला. आजीशी वाद न घालणं हे त्यांच्या सुखी संसाराचं बांधकामतंत्र होतं. राहायला आल्यावर वर्ष उलटलं नसेल, तोच आजी वाड्यातल्या जावांना सांगू लागली, "तुमच्या त्या बोळात मला गुदमरतं बाई. मी यांच्या मागे लागले, म्हटलं गावाबाहेरच जागा बघा."

दुसरा नकार धरणाला. गंगापूर धरण 1965 मध्ये पूर्ण झालं. जवळजवळ चार किलोमीटर लांब आणि सगळं मातीचं, हे कळल्यावर आजी हबकली. "मातीची चूलसुद्धा रोज सारवावी लागते. एवढं मोठं धरण कोण सारवणार?" पुढे 1969 चा महापूर आला. धरण जागच्या जागी उभं राहिलं आणि आजीने ते त्याच आठवड्यात दत्तक घेतलं. त्यानंतर दर पावसाळ्यात आमच्या घरी पाटबंधारे खात्याची एक बिनपगारी शाखा चालायची. नाशिककर पूर मोजतात तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं. आजी एका कानाला रेडिओ लावून विसर्गाचे आकडे ऐकायची आणि पंचवटीतल्या बहिणीला फोन करायची, "इतके क्युसेक सोडलेत. संध्याकाळपर्यंत मारुतीची कंबर भिजेल. तुझी लोणच्याची बरणी माळ्यावर टाक." 2008 च्या पुरात पाणी मारुतीच्याही वर जातंय हे टीव्हीवर दिसायला लागलं, तेव्हा घाबरलेल्या नातसुनेला ती म्हणाली, "धरणाला काही होत नाही. आपलं आहे ते."

आमच्या रस्त्याला कर्त्या बायकांची परंपरा आहे, हा शोध आजीला साठीनंतर लागला, आणि त्याला कारण झालं मुक्त विद्यापीठ. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं. त्याचं आवार आमच्याच रस्त्याने पुढे, धरणाच्या अलीकडे गोवर्धनला. शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही घरी बसून पदवी घेता येते, हे कळल्यावर आजीने रीतसर नाही म्हटलं. "घरबसल्या पदवी? उद्या घरबसल्या बाळंतपणं करतील." आजोबांनी तिच्या लक्षात आणून दिलं, की तिची स्वतःची तिन्ही बाळंतपणं घरबसल्याच झाली होती. यथावकाश तपासणी झाली आणि मराठी सातवी पास आजी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम उरकून बी. ए. ला बसली. अभ्यासकेंद्रावरच्या तरुण मास्तरांची अवस्था कठीण व्हायची. ते फळ्याकडे वळले की आजी मागच्या बाकावरच्या, संसारातून वेळ काढून आलेल्या बायकांना शेंगदाण्याचे लाडू वाटायची. मास्तरांनी एकदा हटकलं, तर त्यांच्याही हातावर एक ठेवून म्हणाली, "तुम्ही शिकवा हो, आम्ही ऐकतोय. लग्न झालंय का तुमचं?"

इतिहासाच्या पुस्तकात तिला गोपिकाबाई भेटल्या. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. विश्वासराव पानिपतावर पडले, पाठोपाठ नवरा गेला, मग थोरले माधवराव आणि नारायणराव. हे सगळं पाहून उरलेली ही बाई पुण्याचं राजकारण मागे टाकून राहिली ती नाशिकजवळ गंगापूरला. तिथून तिने नातू सवाई माधवरावाला लांबलचक पत्र पाठवलं: कसं वागावं, दिवस कसा घालवावा, कोणाचं ऐकावं. आजीला पुस्तकातलं दुसरं काही आठवो न आठवो, हे पत्र पक्कं आठवायचं. कारण मी त्या वेळी पुण्याला वसतिगृहात होतो आणि गंगापूर रोडवरून नातवाला उपदेश पाठवण्याला आता ऐतिहासिक आधार मिळाला होता. दर आठवड्याला आंतर्देशीय पत्र यायचं. सवाई माधवरावांना निदान दप्तरात कारकून होते. मला बनियन कोणत्या खणात ठेवायचे, मेसच्या आमटीत सोडा घालतात हे कसं ओळखायचं आणि परीक्षेआधी गूळ खायचा की दही, हे सगळं एकट्याने वाचून वर उत्तरही द्यावं लागायचं.

पण याच रस्त्यावर अलीकडे आनंदवल्ली आहे. राघोबादादांच्या आनंदीबाईंचं गाव. त्या तिथेच 1794 साली वारल्या. म्हणजे गोपिकाबाईंची धाकटी जाऊ, जिच्यावर नारायणरावाच्या खुनाचा बोल आला ती. पुस्तक वाचल्यापासून आजीने या भांडणात बाजू घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. सिटी बसमध्ये कंडक्टर "आनंदवल्ली" ओरडला की ती तोंड फिरवून बसायची. अडचण एवढीच, की तिचा लाडका नवश्या गणपती आनंदवल्लीतच, आणि तो राघोबा-आनंदीबाईंनीच बांधला असं सांगतात. यावर आजीने तोडगा काढला. उतरायचं आनंदवल्लीला, पण आतल्या वाटेने खाली मान घालून थेट नदीकाठी जायचं. "गणपतीचा काय दोष? माणसं त्याला विचारून नवस बोलतात का?"

द्राक्षांच्या बाबतीत तिचं मत ठाम होतं: खावीत, नाहीतर वाळवून बेदाणे करावेत. तिसरा मार्ग सभ्य माणसाचा नाही. धरणाच्या अंगाला सुलाचे मळे उभे राहिले आणि 2000 साली त्यांची पहिली वाईन आली, तेव्हा तिने त्या रस्त्याने फिरायला जाणंच बंद केलं. मग अमेरिकेतला नातू आला आणि मळा दाखवण्याच्या निमित्ताने तिला घेऊन गेला. आत लोक पेले गोल फिरवत होते, नाक खुपसून वास घेत होते, एक घोट तोंडात घोळवत होते आणि काहीजण तो बाजूच्या भांड्यात टाकून देत होते. आजी बराच वेळ बघत राहिली. "चूळ भरायला एवढे पैसे देतात?" तिने स्वतः थेंब चाखला नाही. मात्र त्यानंतर पुण्या-मुंबईचा पाहुणा आला, की ती त्याला पांढरी आणि लाल यांतला फरक, साल कधी काढतात आणि कधी ठेवतात, बाटली आडवी का ठेवायची, हे सगळं ऐकवायची. पाहुणे अवाक् होऊन आधी वाईनच्या बाटलीकडे आणि मग तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत राहायचे.

वय सांगताना मात्र ती वर्षं वापरायची नाही. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ वापरायची. तिचा जन्म 1932 च्या सिंहस्थातला. 56 चा तिने वाड्यात नवी सून म्हणून पाहुण्यांच्या पंगती वाढून काढला, 68 चा या बंगल्यात, आणि 80 च्या सिंहस्थाने तिला एक जालीम हत्यार दिलं. सिंहस्थात लग्नं करत नाहीत. आत्यासाठी सांगून आलेलं एक स्थळ आजीला पसंत नव्हतं, पण घराणं मोठं, तोंडावर नाही म्हणायची सोय नाही. आजीने हात जोडले, "काय करणार, गुरू सिंहेत." गुरू सिंहेतून बाहेर पडेपर्यंत त्या मुलाचं लग्न मुंबईत झालं होतं आणि आत्याला आजीला हवं ते स्थळ मिळालं होतं. ग्रहमालेतल्या सर्वांत मोठ्या ग्रहाला कामाला लावणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही. 2015 च्या सिंहस्थाआधी तिने घोषणा केली, "यंदा कोणी यायचं नाही, माझ्याने होत नाही आता." ऑगस्टमध्ये आमच्या हॉलमध्ये गाद्यांना जागा उरली नव्हती आणि आजी यादी हातात घेऊन, कोणाला कुठल्या पर्वणीला रामकुंडावर न्यायचं ते ठरवत होती. अखेरच्या काळात एका तरुण डॉक्टरने वय विचारलं. ती म्हणाली, "आठ सिंहस्थ झाले. पुढचा हिशोब तुम्ही करा, शिकलेले आहात." डॉक्टरने फॉर्मवरचा रकाना रिकामा ठेवला.

नवव्या सिंहस्थाची तयारी सुरू होण्याच्या सुमारास आजीची तब्येत उतरली. मरणालाही तिने आधी रीतसर नकार दिला. "आत्ता नाही. पावसाळ्यात तेराव्याला माणसांना येणं अवघड." पावसाळा सरला. मग तपासणीची पायरी आली: तिने स्मशानभूमीत लाकडाचे दर काय आहेत ते काकांना विचारून घेतलं, विद्युतदाहिनीची चौकशी केली, गुरुजींना बोलावून यादीतल्या दोन गोष्टी अनावश्यक म्हणून खोडल्या. आणि मग मालकी आली. तेराव्याला गुलाबजाम नकोत, बाहेरचे कच्चे असतात. घरी जिलेबी काढा. आत्याने रडू नये, तिला दमा आहे. जेवणाआधी भाषणं नकोत, भात गार होतो. ती गेली तेव्हा आमच्यासाठी ठरवायचं काही उरलंच नव्हतं. जिलेबी मात्र सुरेख झाली होती. आत्याने रडून घेतलं, पण बेतानं.

आता बंगल्याभोवती सात मजली इमारती उभ्या आहेत आणि बिल्डर महिन्या-दोन महिन्यांनी येऊन पुनर्विकासाचा नकाशा टेबलावर पसरतो. आजी असती, तर तिने त्याला पहिल्याच दिवशी चहा पाजून 'नाही' सांगितलं असतं, पार्किंग आणि सांडपाण्याच्या नळ्या तपासल्या असत्या, आणि दोन वर्षांत तुळशीला ऊन मिळेल अशा पूर्वेकडच्या फ्लॅटची किल्ली पदराला बांधून "मीच याला इमारत बांधायला सांगितलं" म्हणत फिरली असती. आम्ही सगळी भावंडं तिच्यापेक्षा आधुनिक, समंजस आणि चर्चाप्रिय. बिल्डर आला की आम्ही एकमुखाने होय म्हणतो, मग कौटुंबिक ग्रुपवर सविस्तर विचार करतो आणि पुढच्या महिन्यात तो आला की पुन्हा होय म्हणतो. परवा तो बिचारा कंटाळून म्हणाला, "तुमच्या घरात नाही म्हणणारं कोणी नाही का हो? म्हणजे मला एकदाचं काम तरी सुरू करता येईल."