अण्णा, सभेला कधी येणार?

(रुग्ण कल्याण समितीच्या एका अशासकीय सदस्यास खुले पत्र)

आदरणीय अण्णा,



आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दर्शनी भिंतीवर रुग्ण कल्याण समितीचा फलक आहे. त्यावर तुमचे नाव ठळक अक्षरांत रंगवले आहे आणि नावापुढे ‘रुग्ण प्रतिनिधी’ असे लिहिले आहे. रंग नवा आहे, अक्षर चांगले आहे. मात्र फलकाखालच्या बाकावर बसणाऱ्या कोणीही तुम्हाला तिथे कधी पाहिलेले नाही. केसपेपरच्या ओळीत मी पुढच्या-मागच्या सगळ्यांना विचारले. एका म्हातारीने उलट मलाच विचारले, “ते तिथं कशाला येतील, बाई?”

तुमच्या घरचे औषधपाणी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसे तुमचे, डॉक्टर तुमच्या पसंतीचा. पण आमच्या ओळीत कधी उभे न राहता आमच्या वतीने बोलायचे पद तुम्ही घेतलेत, तेव्हा निदान ओळीतल्या माणसांना काय हवे ते विचारायला हवे होते. तेही तुम्ही केले नाही.

माहितीच्या अधिकारात जोडपत्र ‘अ’ भरून, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी समितीची इतिवृत्ते मागवली. पानामागे २ रुपये भरले आणि कागद हातात आले. सगळी इतिवृत्ते एका साच्यातली आहेत. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले, सर्वानुमते मंजूर. झालेल्या खर्चास मान्यता दिली, सर्वानुमते मंजूर. आयत्या वेळी कोणताही विषय न आल्याने आभार मानून सभा संपली. अनुमोदक म्हणून जागोजागी तुमचेच नाव. एक सभा आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी झालेली दाखवली आहे. त्या दिवशी तुम्ही दिंडीबरोबर पंढरपुरात होतात, अवघ्या गावाने तुम्हाला वेशीपर्यंत पोचवले होते. तरी त्या पानावर तुमची सही आहे.

ही सही कशी होते, हेही गावाला ठाऊक आहे. शिपाई रजिस्टर काखोटीला मारून तुमच्या ओट्यावर येतो. तुम्ही आत चहा सांगता. तो पान उघडून बोट ठेवतो, तुम्ही सही करता. पान वाचायला वेळ लागतो, सहीला लागत नाही. सही वळणदार आहे, अण्णा. त्या वळणात आमच्या केंद्राचे पुढचे तीन महिने मंजूर होऊन जातात.

आता केंद्रावर त्या वेळी काय चालले होते ते ऐका. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची. वाड्यावस्त्यांवरून बाया सकाळीच येतात. बाक भरले की व्हरांड्याच्या पायरीवर बसतात, पाय सुजलेले, पिशवीत भाकरी. सिस्टर प्रत्येकीच्या हातात लघवी तपासायची छोटी बाटली देतात, आणि बाई मागच्या बाजूला गेली की संडासाला कुलूप. किल्ली शिपायाकडे. अशाच एका ९ तारखेला सकाळी शिपाई रजिस्टर घेऊन तुमच्याकडे आला होता. आठवा महिना लागलेली एक पोर केंद्राच्या कंपाउंडबाहेर, बाभळीच्या आडोशाला जाऊन बाटली भरून आली. तिची सासू पदर धरून उभी राहिली होती. परत आल्यावर त्या पोरीने मान वर केली नाही.

हा विषय आयत्या वेळी सुद्धा समितीत आला नाही. येणार कुठून? ज्यांना ते कुलूप दिसते त्यांना सभेत बोलावत नाहीत, आणि ज्यांना बोलावतात ते येत नाहीत. कुलूप लावायचे कारण मी विचारले. बाहेरचे लोक घाण करतात, असे उत्तर मिळाले. मग सफाईचे माणूस लावा, पाण्याची टाकी भरा, एक किल्ली सिस्टरकडे ठेवा. याला पैसे लागत असतील तर ते समितीकडे आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी मुळात ठरवलेली रक्कमच वर्षाला पावणेदोन लाख रुपये होती : रुग्ण कल्याण समितीला १ लाख, देखभाल-दुरुस्तीला ५० हजार आणि अबंधित निधी २५ हजार. अबंधित म्हणजे जागेवरची गरज पाहून तिथल्याच लोकांनी ठरवून खर्च करायचा. तुम्ही मंजूर केलेल्या खर्चात पडदे आहेत, टेबलाची काच आहे, फ्लेक्स आहेत, झेरॉक्स आहे. दुसरी किल्ली नाही.

आणखी दोन गोष्टी सांगते. त्या फक्त ओळीत उभ्या राहणाऱ्यालाच कळतात. रक्तदाबाच्या गोळ्या केंद्रात दहा दिवसांच्या मिळतात. संपल्या की पुन्हा यायचे, म्हणजे मजुराची महिन्यातून तीन वेळा रोजी बुडते. म्हणून लोक दिवसाआड गोळी घेतात, पुरवून पुरवून, आणि एक दिवस तोंड वाकडे होऊन तालुक्याला जातात. बीपी स्थिर असलेल्याला एकदम महिन्याच्या गोळ्या द्याव्यात, एवढी साधी सूचना आहे. डॉक्टरांना ती मान्य होईल असे मला वाटते, पण ती त्यांच्यापर्यंत नेणार कोण? दुसरी गोष्ट वेळेची. वरच्या वाड्यांची एसटी साडेअकराला पोचते आणि बाराला केसपेपरची खिडकी बंद होते. बाजाराच्या दिवशी तर बारापर्यंत ओळ निम्मीही सरत नाही. उरलेले लोक ‘बाराच्या आत या’ एवढे ऐकून माघारी फिरतात. त्या एका दिवशी खिडकी तासभर जास्त उघडी ठेवली तर वाडीवरचा माणूस खासगीत जाऊन पाचशे रुपये घालवणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य केंद्रांत उपचार मोफत झाले. खिडकीच बंद असेल तर त्या मोफत उपचाराचा आम्हाला काय उपयोग?

या समित्या कोणाच्या मेहेरबानीने आल्या नाहीत. १९९४ साली सुरतेत प्लेग झाला, त्यानंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदीर हटवण्याची मोठी मोहीम झाली, शहर मदतीला उतरले आणि तिथून रोगी कल्याण समितीची कल्पना पुढे आली. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर नेली. २०२५ मध्ये त्याच रुग्णालयात उंदीर नवजात बाळांना चावल्याची बातमी वाचून माझ्या पोटात गोळा आला. समिती फलकावर असली म्हणजे ती रुग्णालयात आहे असे होत नाही.

आपल्या महाराष्ट्राने तर याहून पुढचे पाऊल टाकले होते. २००७ पासून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ संस्था राज्याचे समन्वयन करत होती. गावकरी स्वतः आपल्या आरोग्य केंद्राला गुण द्यायचे. हिरवा, पिवळा, लाल अशा रंगांत गुणपत्रक तयार व्हायचे. मग जनसुनवाई. बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन बाया अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहायच्या, आणि अधिकाऱ्याला तिथल्या तिथे, चारचौघांत उत्तर द्यावे लागायचे. शिकलेले पुढारी जे बोलत नाहीत ते नंदुरबारच्या, अमरावतीच्या आदिवासी बाया बोलल्या. तुमच्याकडून मी एवढ्या धैर्याची अपेक्षाही करत नाही. रजिस्टर वाचून मग सही करा, इतकीच आहे.

डॉक्टरांवर सगळे ढकलून मोकळे होऊ नका. पठारावर तीस हजार आणि डोंगराळ, आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र असा निकष आहे. ओपीडी, बाळंतपणे, लसीकरण, ऑनलाइन अहवाल आणि वरून रोजच्या व्हीसी, हे सगळे त्याच माणसांनी करायचे. त्यांना तीन महिन्यांनी समितीची सभा म्हणजे आणखी एक कागद वाटला तर मला राग येत नाही. तुम्हाला मात्र ही सवलत नाही. समितीचे अध्यक्षपद आपल्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याकडे असते. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, कारभार प्रशासकांकडे गेला आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. लोकांनी निवडलेला अध्यक्ष नसताना त्या खोलीत आमचा म्हणता येईल असा एकच माणूस उरला होता. तो माणूस तुम्ही होतात, अण्णा. तेव्हा तर तुम्ही एकही सभा चुकवायला नको होती.

तुम्ही वाईट माणूस आहात असे मी म्हणत नाही. गावात कोणाचे लग्न अडले, कोणाची मयत झाली की तुम्ही पहिले हजर असता. पण या एका बाबतीत तुमच्या हातून अन्याय झाला आहे. जागा रिकामी असती तर आम्ही कोणाला तरी पाठवा म्हणून भांडलो असतो. तुमची सही असल्यामुळे वरच्या कार्यालयात प्रत्येक कागदावर रुग्णांची संमती नोंदली गेली, आणि आमचे भांडण सुरू होण्याआधीच मिटले.

तेव्हा आता एक करा. पुढच्या ९ तारखेला सकाळी केंद्रावर या. खुर्ची मागू नका, पायरीवर त्या बायांशेजारी बसा आणि त्यांना काय त्रास होतो ते विचारा. त्या सांगतील ते तुमच्याच वळणदार अक्षरात लिहून घ्या. पुढच्या सभेची तारीख आठ दिवस आधी फलकावर लावायला सांगा, सभेत ती यादी वाचा, आणि पैसे कशावर खर्च झाले ते व्हरांड्यात लावा. तक्रारपेटी उघडायची ती चार रुग्णांसमोर. हे जमणार नसेल तर राजीनामा द्या. आशाताई आहेत, बचतगटाच्या बाया आहेत, डायलिसिससाठी नवऱ्याला घेऊन जिल्ह्याला खेटे घालणारी आपल्याच गल्लीतली बाई आहे. त्यांच्यापैकी कोणीही तुमच्यापेक्षा चांगले काम करील.

आणि हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन फलकावर रुग्ण प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहा. त्या माणसाच्या घरी जा आणि मागच्या सभेत काय ठरले ते विचारा. सांगता आले नाही तर इतिवृत्त मागवा. अर्जाला १० रुपये लागतात.

आपली,
याच केंद्राच्या हद्दीतली एक रुग्ण