कमिशनचा जिव्हाळा

‘अफिलिएट म्हणजे आमचं कुटुंबच,’ असं ऑनलाइन विक्रेते हल्ली उठताबसता सांगतात. कुटुंबच ते, म्हणून तर पैशाचा विषय निघाला की सगळे गप्प! खरं तर व्यवहार सरळ आहे: दुसऱ्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक आलं, माल खपला, की त्याचा वाटा द्यायचा. पण विक्री होईपर्यंत तो अधिक महिन्यातला जावई; विक्री झाली की कुकीची मुदत, परत आलेला माल, ‘किमान रक्कम भरली नाही’ अशी कलमं एकेक करून बाहेर पडतात.

अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये आपली अफिलिएट योजना सुरू केली. एप्रिल २०२० मध्ये, लोक घरात कोंडून ऑनलाइन खरेदी करत असताना, अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणि किराण्यावरचं ५ वरून १ वर आणलं. नाती जपण्याची ही थोरामोठ्यांची रीत! धाकटे विक्रेते दिवाळीला शुभेच्छांचं रंगीत चित्र पाठवतात; थकलेले पैसे तेवढे पाठवायचे राहतात.

संबंध खरंच टिकवायचे असतील, तर दर बदलण्याआधी कळवा, हिशेब उघडा ठेवा आणि ठरल्या तारखेला पैसे द्या. जिव्हाळ्याचं नंतर बघू.