दुरुस्तीवरचे दर्यावर्दी

सिडकोतल्या आमच्या गल्लीत नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण होडी मात्र कधीही बघायला या, जागेवर असते. इतरांच्या घरापुढे मोटार उभी असते, होडीवाले काकांच्या घरापुढे विटांच्या थप्प्यांवर होडी.

काका वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी व्यासपीठावरच त्याचं मागचं झाकण उघडलं आणि आतला सेल हलका आहे असं माइकवरून सांगितलं. त्यावरून माणूस ओळखावा. ही दुरुस्तीवाल्यांची जमात नवं काही विकत घेत नाही. जुनी वस्तू चालू असेल तर तिच्याकडे बघत नाही, आणि दुरुस्त होऊन चालायला लागली की कुणाला तरी देऊन टाकते. काकांच्या हाताखालून आधी चेतक गेली, मग शिवणयंत्र, मग मेहुण्याचा पाण्याचा पंप. मेहुण्याने पंप दिलाच नव्हता, नुसता दाखवला होता.

होडी त्यांना नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी सापडली. पत्र्याची, सपाट बुडाची, बारा फूट लांब, चार फूट रुंद. मालक भोई होता. तो स्वतः थर्माकोलच्या चप्पूवर जाळी टाकायचा आणि होडीत शेळ्यांना पाणी ठेवायचा. त्याने भंगाराचा किलोवर भाव सांगितला. काकांना तो अपमान वाटला. त्यांनी होडीच्या भावाने पैसे मोजले आणि शेळ्यांसाठी घमेलं वेगळं घेऊन दिलं.

समुद्र शेकडो किलोमीटरवर, इथे होडी कशाला, असं विचारायची सोय नाही. लगेच अजिंठ्याचं दोन नंबरचं लेणं निघतं. त्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय, आणि अजिंठा आपल्याच जिल्ह्यात. पाठोपाठ पैठणचे सातवाहन येतात: यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ही जहाजाची नाणी मुख्यतः पूर्व किनाऱ्याकडची, आंध्राच्या बाजूची, हे मी एकदा म्हणून पाहिलं. काका म्हणाले, “मग? राजधानी कुठली होती?” दर्यावर्दी माणसाशी वाद घालू नये.

सपाट बुडाच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली केली, लोकार्पण इंदिरा गांधींनी 1976 साली केलं, आणि मधल्या काळात जे तयार झालं ते बशीसारखं धरण. साडेतीनशे चौरस किलोमीटरवर 2909 दशलक्ष घनमीटर पाणी. भागाकार केला तर काठोकाठ भरल्यावरही सरासरी खोली जेमतेम आठ मीटर, आणि काठाकडे तर कोसभर गुडघाभरच. उन्हाळ्यात पाणी हटतं आणि मागे चिखल उरतो. अशा ठिकाणी खोल बुडाची नाव रुतते. ताटासारखी सपाट होडी चार बोटं पाण्यावरही सरकते. पाणी सोडून कुठेही चालत नाही एवढाच तिचा दोष, आणि काकांनी ती नेमकी आमच्या बिनपाण्याच्या गल्लीत आणली.

आधी दुरुस्ती. बूड गंजून चाळण झालेलं. जुन्या पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंग लावलं की एक भोक बुजतं आणि शेजारी दोन पडतात, हे काकांना माहीत होतं, तरी त्यांनी लावून पाहिलं. मग ठिगळं रिव्हेटने बसवली, मध्ये डांबरात भिजवलेली फडकी घातली, वर रेड ऑक्साइड मारला. त्यावर फायबरची मॅट आणि रेझिन. हे काम मे महिन्यात काढलं. आपल्याकडच्या मेमध्ये हार्डनर घातलेलं रेझिन होडीपर्यंत पोहोचतच नाही, मगातच दगड होतं. त्या मगात ब्रश होता. मग काकूंचा होता.

पुढे गळती तपासायची वेळ आली. होडी पाण्यात नेता येत नसेल तर पाणी होडीत आणायचं, अशी रीत आहे. बारा बाय चारच्या होडीत चार इंच पाणी भरायला साडेचारशे लिटर लागतं. आमच्या गल्लीत हा आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत. काकांनी पाण्याच्या दिवशी, टाकी भरायच्या आधी, पाइप होडीत सोडला. काकू बाहेर आल्या. “अहो, प्यायला घोटभर नाही आणि तुम्ही पत्र्याला पाजताय?” काकांनी खडूने गळतीच्या जागांवर फुल्या मारल्या. तेवढ्यात शेजारच्या दोघी हंडे घेऊन आल्या आणि होडीतूनच भरून घेऊन गेल्या. गळती थांबल्यावर गल्लीत थोडी हळहळही झाली, कारण आता ती परत भरायचं कारण उरलं नव्हतं.

इथे काका थांबले असते तर ते काका कसले! छावणीचा गुरुवारचा बाजार त्यांना पाठ आहे. तिथून बसची दोन सीटं आली, चेतकचा हेडलाइट आला, छत्रीचा लोखंडी सांगाडा आला, जुन्या घराच्या खिडकीचे गज कापून गळ ठेवायच्या खाचा झाल्या. खाली प्लायवूडची फळी, तिच्याखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या, मागे जुनं आउटबोर्ड इंजिन, पुढे नांगर. चहाच्या थर्मासला वेगळा कप्पा. मासे ठेवायचा कप्पा मात्र नाही, कारण काका माळकरी आहेत. मासा धरायचा, त्याच्याकडे बघायचं आणि सोडून द्यायचा, असं त्यांचं धोरण.

मी एकदा हिशेब मांडला. एवढ्या लांबीरुंदीची होडी दर पंचेचाळीस किलोला साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. कागद दाखवल्यावर काका खूश झाले; सेंटिमीटर ही त्यांना फारच लहान गोष्ट वाटली. इंजिनाचा पंखा बुडाच्या खाली फूटभर लोंबतो, तो त्यांनी हिशेबात धरला नाही.

शेवटी टेम्पोतून होडी बॅकवॉटरला गेली. हे पाणी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणून काका परवानगीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले होते. सोबत होडीच्या रंगाचा नमुनाही. होडी तरंगली. काकांनी इंजिनाची दोरी ओढली, होडी थोडी पुढे गेली आणि पंखा चिखलात घुसून बंद पडला. जरा पुढे रोहित पक्षी आरामात उभे होते. जिथे पक्ष्यांचे पाय तळाला टेकतात, तिथे काकांची उथळ पाण्याची होडी अडकली होती.

मूळ मालक चप्पूवरून वल्हवत आला. “काका, हे काय करू राहिले?” त्याने इंजिन वर उचललं, बॅटऱ्या काढून स्वतःच्या चप्पूवर ठेवल्या आणि होडी दोन बोटांनी ढकलली. ती सुळकन सरकली. “आमची व्हती तवा अशीच चालायची,” तो म्हणाला.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. काका टेम्पोत गुणगुणत बसले होते. घरी येताच त्यांनी जाहीर केलं की आता होडी हलकी करायची. बसची सीटं काढून ॲल्युमिनियमची बसवायची, सांगाडा काढून बांबूचा करायचा, काढलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन वहीत मांडायचं. वजनासाठी छावणीतून भंगारवाल्याचा जुना काटा आणला. तो प्रत्येक वस्तू पाच किलो जास्त दाखवतो. होडीचं काम सध्या थांबलंय. काका काटा उघडून बसलेत.