विमानांचं भांडण, रताळ्यांना दंड

दीड-दोनशे माणसं बसतील असं जेट विमान विकत घ्यायचं असेल, तर जगात मोठी दुकानं दोनच. एक अमेरिकेचं बोइंग, दुसरं युरोपचं एअरबस. दोघांचाही मुक्त स्पर्धेवर गाढ विश्वास आहे. समोरच्याला त्याच्या सरकारने पैसे पुरवले नसते, तर तो आणखी गाढ झाला असता, असं दोघंही गेली कित्येक वर्षं सांगत आहेत.

या विश्वासाचा इतिहास मनोरंजक आहे. १९७० साली युरोपातल्या सरकारांनी अमेरिकी विमानांची मक्तेदारी मोडण्यासाठी एअरबस उभी केली. १९७२ मध्ये ए-३०० उडालं. उडालं खरं, पण खपेना. शेवटी १९७७ मध्ये अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सला चार विमानं सहा महिने फुकट वापरायला देण्यात आली. या कंपनीचे प्रमुख होते फ्रँक बोर्मन, म्हणजे अपोलो-८ मधून चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेले गृहस्थ. चंद्रापर्यंत जाऊन आलेला माणूससुद्धा फुकट म्हटल्यावर नाही म्हणत नाही. त्यांना विमान आवडलं, पुढच्याच वर्षी त्यांनी तेवीस विमानं मागवली आणि मुक्त स्पर्धेचा नारळ फुटला.

आता दोघांच्या शुद्ध आचाराविषयी. युरोपची पद्धत सरळ. नवं विमान काढायचं ठरलं की फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि स्पेनची सरकारं एअरबसला उचल देतात. विमान खपलं तर प्रत्येक विमानामागे परतफेड, नाही खपलं तर हरी हरी. ए-३८० हे दुमजली अजस्र विमान याच कृपेवर जन्माला आलं. त्याच्या तारा जोडताना हॅम्बर्ग आणि टूलूजचे इंजिनियर एकाच संगणक-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते, त्यामुळे तारा जागेवर पोहोचेनात आणि विमान दोनेक वर्षं रखडलं. अखंड युरोपचं इतकं प्रामाणिक चित्र दुसरीकडे सापडणार नाही. २५१ विमानं देऊन २०२१ मध्ये त्याचं उत्पादनच बंद झालं.

अमेरिकेची पद्धत सोवळ्यातली. तिथे सरकार विमान काढायला उचल देत नाही. नासा आणि पेंटागॉन संशोधनाला पैसे देतात, त्या संशोधनातून पुढे प्रवासी विमान निघालं तर तो योगायोग. बाकीचं काम राज्य सरकारं करतात. वॉशिंग्टन राज्याने २००३ मध्ये ७८७ विमान आपल्याकडेच जोडलं जावं म्हणून बोइंगला अब्जावधी डॉलरची करमाफी दिली. २०१३ मध्ये ७७७-एक्ससाठी सवलती २०४० पर्यंत वाढवल्या, किंमत सुमारे ८७० कोटी डॉलर. बोइंगने या उपकाराची जाणीव ठेवली. २०२० मध्ये ७८७ ची सगळी जोडणी साउथ कॅरोलायनाला नेत असल्याचं तिने वॉशिंग्टनला वेळेवर कळवलं.

६ ऑक्टोबर २००४ रोजी दोन्ही पक्षांनी एकमेकांवर जागतिक व्यापार संघटनेत दावे ठोकले. एकाच दिवशी. 'त्याने सरकारकडून पैसे घेतले' ही तक्रार दोघांचीही, आणि ती आणणारी दोन्ही सरकारंच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं हा न्याय जिनिव्हात पंधरा-सोळा वर्षं चालला, हजारो पानं छापली गेली, आणि निष्कर्ष निघाला की दोन्ही कार्टीच आहेत. हा निकाल दोघांनी आपापल्या घरी विजय म्हणून साजरा केला.

कोकणात भाऊबंदकीत एका फणसावरून तीन पिढ्या दावा चालतो. पण तिथे दंड निदान भाऊबंदच भरतात. इथे तशी गैरसोय नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेला वर्षाला ७५० कोटी डॉलरपर्यंतच्या युरोपीय मालावर जादा कर बसवायची मुभा मिळाली. गुन्हा विमानाचा होता, म्हणून विमानांवर दहा टक्के. फ्रान्सची वाईन, स्पेनचे ऑलिव्ह, स्कॉटलंडची सिंगल माल्ट आणि इटलीचं पार्मेझान चीज यांवर पंचवीस टक्के. अमेरिकी विमान कंपन्यांना एअरबसची विमानं हवीच होती, तेव्हा त्यांना फार दुखवून कसं चालेल? चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण उगाच अन्यायाचं उदाहरण म्हणून देतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात ती कार्यपद्धती आहे.

कर लावताना बारकावे मात्र सांभाळले गेले. चौदा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या वाईनवर कर, त्याहून कडक असेल तर माफ. विमानाच्या उचलीचा पैसा सौम्य वाईनमध्येच मुरतो, असा काहीतरी शोध लागला असावा. इटलीची गोष्ट तर सोन्याहून पिवळी. एअरबसच्या त्या चार देशांच्या कुटुंबात इटली नाही. उलट दक्षिण इटलीतल्या ग्रोताल्ये गावच्या कारखान्यात बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे भाग तयार होतात. म्हणजे इटलीचे कामगार बोइंगसाठी राबत होते आणि इटलीचे गवळी एअरबसचा दंड भरत होते.

वर्षभराने पाळी फिरली. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपने सुमारे ४०० कोटी डॉलरच्या अमेरिकी मालावर कर लावला. बोइंगच्या विमानांवर पंधरा टक्के, आणि पंचवीस टक्क्यांच्या यादीत ट्रॅक्टर, तंबाखू, शेंगदाणे आणि रताळी. शेंगदाणे आणि रताळी! ब्रुसेल्सने बहुधा अमेरिकेची एकादशीच मोडायची ठरवली होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या रताळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने सिअ‍ॅटलच्या विमान कारखान्याला कोणती बेकायदा मदत केली होती, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

एवढं तुंबळ युद्ध म्हटल्यावर दोन्ही सैन्यं वेगळी ओळखू येतील, अशी वाचकांची समजूत असेल. ती सोडून द्यावी. बोइंगच्या ७३७ मॅक्सला एकाच कंपनीचं इंजिन बसतं, आणि त्या कंपनीत निम्मा वाटा फ्रान्सच्या साफ्रानचा आहे. ७८७ चे पंख जपानमध्ये बनतात. एअरबसची विमानं अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात जोडली जातात. आणि अमेरिकेच्या नाकावर टिच्चून वर्षानुवर्षं हजारो एअरबस विकणारे जॉन लीही हे जन्माने न्यूयॉर्कचे. देशाभिमान ही चीज आणि रताळ्यांनी बाळगायची गोष्ट आहे, विमानांना ती परवडत नाही.

तिसरा कोणी दुकान टाकायला आला, की मात्र या दोघांच्या तत्त्वनिष्ठेला धार येते. कॅनडाच्या बॉम्बार्डिअरने सी-सिरीज नावाचं लहान, चांगलं विमान काढलं आणि अमेरिकेच्या डेल्टाला ७५ विमानं विकली. त्या सौद्यात बोइंगने स्वतःचं नवं विमान देऊच केलं नव्हतं. तरीही तिने तक्रार केली की या विमानाला सरकारचे पैसे मिळालेत! अमेरिकी वाणिज्य खात्याने जवळपास तीनशे टक्के कर सुचवला. बॉम्बार्डिअर घायकुतीला आली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये एअरबसने एक पैसा रोख न मोजता त्या विमानाचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा खिशात घातला. तीनच महिन्यांनी अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला की बोइंगचं काहीच नुकसान झालेलं नाही. तोवर ते झालं होतं. ते विमान आज एअरबस ए-२२० या नावाने उडतं. प्रतिस्पर्ध्याला इतकी घसघशीत मदत करायला युरोपातल्या एकाही सरकारला जमलेलं नाही.

इथवर हसायला हरकत नाही. यापुढे जरा कठीण जातं. २०११ च्या जुलैमध्ये अमेरिकन एअरलाइन्स या बोइंगच्या हक्काच्या गिऱ्हाइकाने २६० एअरबस मागवल्या. एअरबसने ए-३२० ला कमी इंधन पिणारी नवी इंजिनं बसवायचं जाहीर केलं होतं. बोइंगचा विचार सावकाश अगदी नवं विमान काढण्याचा होता. पण आता सवड नव्हती. दुसऱ्याच महिन्यात जुन्या ७३७ ला नवी इंजिनं लावून 'मॅक्स' काढायचं जाहीर झालं. ७३७ प्रथम उडालं १९६७ साली. त्या काळच्या बारीक इंजिनांमुळे ते जमिनीलगत बुटकं होतं. नवी जाड इंजिनं खाली मावेनात, म्हणून ती पुढे आणि वर सरकवली. त्यामुळे काही प्रसंगी विमानाचं नाक जास्त वर जाऊ लागलं, आणि ते आपोआप खाली दाबणारी एमकॅस नावाची प्रणाली बसवण्यात आली. तिचं सगळं ज्ञान एका संवेदकावर अवलंबून. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेख टाळला गेला. नवं विमान जुन्यासारखंच आहे, वैमानिकांना पुन्हा सिम्युलेटरवर बसवावं लागणार नाही, हे मॅक्सचं मोठं आकर्षण होतं. बसवावं लागलंच तर साउथवेस्ट कंपनीला विमानामागे दहा लाख डॉलर सूट देण्याचं बोइंगने कबूल केलं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात मॅक्स कोसळलं. ३४६ माणसं गेली. त्यांच्यासाठी जिनिव्हात कोणी दावा लावला नाही, कारण व्यापाराच्या नियमांत हे नुकसान बसत नाही.

या अपघातांनंतर बोइंगची मॅक्स विमानं जमिनीवर उभी असताना एअरबसला साधुत्व मिरवायची संधी होती. तीही हुकली. जानेवारी २०२० मध्ये विमानं विकण्यासाठी लाच दिल्याच्या प्रकरणांत फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेशी तडजोड म्हणून तिने सुमारे ३६० कोटी युरो भरायचं मान्य केलं.

आपण भारतीय या स्पर्धेत पहिल्यापासून तटस्थ. २००५-०६ च्या सुमारास आपल्या दोन सरकारी कंपन्यांनी विमानं घेतली. एअर इंडियाने ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस. दोन्ही पाहुणे खूश झाल्यावर २००७ मध्ये त्या दोन कंपन्या एक करण्यात आल्या. त्या ६८ विमानांच्या सौद्यात नागपूरला मिहानमध्ये बोइंगने देखभालीचं केंद्र बांधून दिलं. मोठ्यांच्या झटापटीत विदर्भाला एक हँगर मिळाला आणि संत्र्यांवर कर बसला नाही, याला नशीबच म्हणायचं. एअर इंडिया टाटांकडे आल्यावरही परंपरा मोडली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये २५० एअरबस, २२० बोइंग. पंतप्रधानांबरोबर पडद्यावर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन स्वतः हजर. तिकडे बायडन यांनी या सौद्याने अमेरिकेच्या ४४ राज्यांत दहा लाखांहून अधिक रोजगारांना आधार मिळेल असं जाहीर केलं. खासगी कंपनीने खासगी कंपनीकडून घेतलेला माल, आणि पेढे वाटायला राष्ट्रप्रमुख. मुक्त बाजारपेठ यालाच म्हणतात.

अखेर जून २०२१ मध्ये अमेरिका आणि युरोपने पाच वर्षांचा तह केला. दोघांचं हृदयपरिवर्तन होण्याचं कारण चीन. तिथलं सरकार म्हणे विमान कंपनीला पैसे पुरवतं! हा प्रकार ऐकून दोघांनाही मनापासून धक्का बसला आणि असल्या अनिष्ट प्रथांविरुद्ध एकत्र लढायचं ठरलं. दरम्यान एअरबस २००८ पासून चीनमधल्या तियानजिनमध्ये विमानं जोडते आहे. चीनचं सी-९१९ विमान २०२३ मध्ये प्रवासी घेऊन उडालं, तेही त्याच अमेरिकी-फ्रेंच कंपनीच्या इंजिनावर. शत्रूला इंजिन आपणच विकलं, म्हणजे निदान त्याची देखभाल आपल्याकडे राहते.

२०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने युरोपच्या बहुतेक मालावर पंधरा टक्के कर ठरवला. विमानं आणि त्यांचे सुटे भाग तेवढे वगळले. वाईन आणि मद्यांनाही वगळावं म्हणून युरोपने पुष्कळ खटपट केली, ती फुकट गेली. वाईनवाल्यांनी यातून धडा घ्यावा. नुसता माल उत्तम असून भागत नाही. तो एवढा अवाढव्य आणि एवढा महाग हवा की तो खपवण्यासाठी राष्ट्राध्यक्षाला स्वतः फोन उचलावा लागेल. मग कर्ज बुडालं तरी चालतं, दावा हरलात तरी चालतं, आणि दंड भरायला कोणीतरी साधा शेतकरी सापडतोच.