गंजक्या सायकलीचा जीर्णोद्धार : अधिकृत कार्यपद्धती

प्रथम सायकल मिळवावी. पुण्यातल्या जुन्या सोसायटीत ती जिन्याखाली असते : काळी, २८ इंची चाकांची, रॉड ब्रेकची, हँडलवर फडकी वाळत घातलेली. मालकाकडे थेट मागू नये. जी वस्तू वर्षानुवर्षे भंगारवाल्याची वाट पाहत होती, ती तुम्ही विचारताच 'आमच्या अप्पांची आठवण' ठरते. त्याऐवजी, 'काकू, जिन्याखाली डास फार झालेत,' एवढेच म्हणावे. संध्याकाळपर्यंत सायकल तुमच्या दारात येते.

मग गंजाची तपासणी. वरवरचा गंज नुसता दिसतो, तो राहू द्यावा. रंग मारलेल्या सायकलीकडे चोरांचेही लक्ष जाते. खरा गंज फ्रेमच्या बुडाशी, पेडलच्या आसाजवळ जिथे पाणी साठते तिथे असतो. तिथे हातोडीने हलकेच ठोकावे. आवाज खणखणीत आला तर पुढे जावे, बद्द आला तर काकूंना सायकल सन्मानाने परत करावी. क्रोमवरचे डाग अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून घासल्यास निघतात. फॉइल पोळ्यांच्या डब्यासाठी आणलेली असते, त्यामुळे गृहखात्याची पूर्वपरवानगी लागते.

आता कॉटर पिन, म्हणजे पेडलच्या दांडीला (क्रँकला) आसावर धरून ठेवणारी खीळ. हिच्यापायी भले भले अध्यात्माकडे वळले आहेत. नट सैल करून आट्यांच्या टोकापर्यंत आणावा, म्हणजे घाव आट्यांवर बसत नाही. क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम टेकू द्यावा, नाहीतर सगळा दणका आतल्या छर्‍यांना बसतो. आदल्या रात्री तेल सोडावे आणि सकाळी एकच घाव घालावा. दहा हलके घाव घातले की पिन चेपते आणि जागा सोडत नाही. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे पान्यावर लटकण्यापूर्वी आठवावे.

छर्रे काढण्याआधी मोजावेत, डिझेलमध्ये धुवावेत आणि कडा असलेल्या ताटात ठेवावेत. ताट जेवणाचे नसावे. छर्रे ज्यांवर फिरतात ते कोन घासले असतील तर बदलावेत. फिरणार्‍या भागांत काटकसर करू नये.

रिमची आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, मात्र स्वतः काढू नये. त्यासाठी म्हातारा मिस्त्री शोधावा. खरा मिस्त्री सायकल पाहून आधी, 'त्यापेक्षा नवी घ्या की,' म्हणतो. मग तार टिचकीने वाजवतो आणि तासाभराने पैसे सांगताना पुटपुटतो. जो लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर अंदाजपत्रक पाठवतो, तो नव्हे.

यानंतर प्रवासाची तयारी. बहुतेक जण इथे महागड्या पिशव्या घेतात. ज्या कॅरिअरवर गॅसचा सिलिंडर गेला, त्याला तुमच्या दोन टी-शर्टांचे काय ओझे? पैसे दात्यांवर घालवावेत. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पेडलच्या एका फेर्‍यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर हे ऐश्वर्य आहे, कात्रजच्या चढावर शिक्षा. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले, तर चाक बरोबर दोनदा फिरते आणि गुडघे घरच्यांशी बोलण्याच्या स्थितीत राहतात.

पहिली सहल पुणे ते पाचगणी ठरवण्याचा मोह होतो. कात्रज, खंबाटकी आणि वाईनंतर पसरणी, असे तीन घाट लागतात. चढावर खाली उतरून सायकल ढकलावी. विचारणार्‍यांना 'चेन बघतोय,' असे सांगावे; तीनही घाटांत हे कारण चालते.

उताराची गोष्ट वेगळी. क्रोमच्या लोखंडी रिम ओल्या झाल्या की रबरी ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत. तेव्हा या सायकलीवरून पावसात घाट उतरू नका. हे एवढे वाक्य विनोदात धरू नये.